बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी गुणपत्रिका पसरून बसा

बी.एड.ला खुल्या गटात पदवीचे किमान ५० टक्के लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विज्ञान शिक्षकाच्या जागेसाठी शाळा पदवीचे विषयही बघते. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच्या गुणपत्रिका समोर ठेवा आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित यांतलं काय किती सेमिस्टर घेतलं, किती क्रेडिट मिळाले, ते वहीत मांडा. मी मुलाखतीला फक्त शेवटच्या वर्षाचीच घेऊन गेलो. गणित होतं पहिल्या वर्षाला, आणि तो कागद डोंबिवलीच्या कपाटात! एखादी हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी कलिन्याची, म्हणजे मुंबई विद्यापीठाची, खेप आत्ताच करा. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या पेपरला गणित-विज्ञान हाच पर्याय निवडा. १५०पैकी ६० गुण त्याचेच असतात.