अर्थबातम्या लिहिताय? देशांवर शिक्के मारण्याच्या या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गटाचं नाव देशाच्या माथी मारणं. युरो संकटात, म्हणजे युरो चलन वापरणारे काही देश कर्जात बुडाले तेव्हा, पोर्तुगाल, इटली, आयर्लंड, ग्रीस आणि स्पेन यांची आद्याक्षरं जोडून 'पिग्स' हे नाव रूढ झालं. इंग्रजीत डुकरं! वाचणाऱ्याचा समज झाला की पाचही देश आळशी आणि उधळे. प्रत्यक्षात २००७ साली आयर्लंड आणि स्पेनचा अर्थसंकल्प शिलकी होता आणि जीडीपीच्या तुलनेत त्यांचं सरकारी कर्ज जर्मनीपेक्षा कमी होतं. त्यांना बुडवलं ते बँकांनी घरबांधणीत ओतलेल्या कर्जांनी. तुटीचे खोटे आकडे दिले होते ग्रीसने. आणि आळशीपणाचं म्हणाल तर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत ग्रीक कामगाराचे वर्षाचे तास जर्मन कामगारापेक्षा बरेच जास्त भरतात. (जर्मनीत अर्धवेळ नोकऱ्या जास्त, हेही खरं.)

गटनाव वापरावंच लागलं तर ते कोणी, कधी आणि कशावरून दिलं ते तिथेच लिहा. ऑगस्ट २०१३ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी गुंतवणूक बँकेने भारताला ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान आणि दक्षिण आफ्रिकेसोबत 'फ्रॅजाइल फाइव्ह'मध्ये (नाजूक पाच) बसवलं, कारण हे देश परकीय भांडवलावर फार विसंबून होते. आपली चालू खात्यावरची तूट (परदेशांशी व्यापार आणि इतर व्यवहारांत येणाऱ्यापेक्षा जास्त बाहेर जाणारा पैसा) २०१२-१३ मध्ये जीडीपीच्या ४.८ टक्के होती. पुढच्याच वर्षी ती १.७ टक्क्यांवर आली. शिक्का मात्र दहा वर्षांनंतरही राजकीय भाषणांत वाजतोच आहे.

'ग्रीसने पुन्हा हात पसरले' असले मथळेही नकोत. युरो संकटातलं मदतीचं कर्ज सरकारने घेतलं, आणि त्यातला मोठा वाटा जुनी देणी फेडण्यात व बँका सावरण्यात गेला. अथेन्समधल्या पेन्शनरची पेन्शन तर उलट कापली गेली. मथळ्यात 'ग्रीस' म्हणजे नेमकं कोण, हे उपसंपादकाने विचारलंच पाहिजे.

वाढीचा वेग मंदावला की 'अर्थव्यवस्था घसरली' लिहू नका. २०१९ मध्ये चीनचा विकासदर जवळपास तीन दशकांतल्या नीचांकावर होता, तरी तो सहा टक्क्यांच्या आसपास होता.

स्वतःच्या देशाबद्दल लिहिताना तर आपला हात फारच सैल सुटतो. २०२२ मध्ये भारताने ब्रिटनला मागे टाकून पाचवा क्रमांक मिळवल्याच्या बातम्या झळकल्या. एकूण जीडीपीपुरतं ते बरोबर होतं. पण दरडोई उत्पन्नात ब्रिटन तेव्हा जवळपास वीसपट पुढे होता. मथळ्यात जागा नसेल तर हा आकडा निदान पहिल्या परिच्छेदात तरी द्या.