पुराआधी गल्लीची वही

पावसाळ्याच्या तोंडावर मी एक वही घेऊन घरोघर फिरते. कुणाला चालता येत नाही, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, कोण एकटं राहतं, सगळं लिहून घेते. प्रत्येकासमोर त्याला बाहेर काढणाऱ्या दोघांची नावं. एकावर विसंबू नका, तो नेमका त्या दिवशी बाहेरगावी असतो. वही कागदाचीच हवी. वीज गेली की मोबाइल फार काळ साथ देत नाही.

मग निवाऱ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून चालून बघा, एकदा दिवसा आणि एकदा अंधारात. अंधारातल्या फेरीत आमची व्हीलचेअर एका पायरीशी अडली, तेव्हा कुठे तिथे फळी ठेवायचं सुचलं.

पिण्याचं पाणी माणशी रोज सुमारे ४ लिटर, निदान तीन दिवसांचं. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पाणी घरात शिरण्याआधीच मेन स्विच बंद करा. ओल्यात उभं राहून त्याला हात लावू नका.

आणि हे मुलांकडून पाठ करून घ्या: वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. जोराचं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसालाही पाडू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगू लागते.

वही दरवर्षी नव्याने भरा. गेल्या वर्षी इतरांना हात देणाऱ्या एका आजोबांना यंदा काठी लागते.