कथेचा प्रकार कसा ओळखावा?

प्राणी बोलतात म्हणजे कथा जुनी, असे ठरवून टाकले की हमखास फसगत होते. बोलणारे कावळे आजच्या कथांतही भेटतात. पात्रे बाजूला ठेवा आणि पुढच्या क्रमाने जा.

१. कथा वाचून पुस्तक मिटा आणि ती कोणाला तरी चार वाक्यांत सांगा. सांगूनही गंमत टिकली, तर तिचा जीव घटनेत आहे. लोककथा तोंडोतोंडी टिकल्या त्या याच बळावर. शब्द प्रत्येकाचे वेगळे, घटना तीच. सांगताना सगळे निसटले, ‘तसे काही घडतच नाही’ असे म्हणावे लागले, तर बहुधा ती आधुनिक कथा. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृतींनी मराठीत आणलेल्या नवकथेत घटनेपेक्षा मनातली उलथापालथ मोठी असते.

२. कोण कोणाला सांगतोय ते पाहा. गोष्टीत गोष्ट असेल तर ती चौकटकथा. ‘पंचतंत्रा’त विष्णुशर्मा राजपुत्रांना गोष्टी सांगतो, आणि त्यातले प्राणीही वाद घालता घालता एकमेकांना गोष्टी ऐकवतात. वेताळाच्या गोष्टी प्रश्नावर थांबतात. जातककथेची तऱ्हा आणखी निराळी: आधी बुद्धाच्या काळातला प्रसंग, मग पूर्वजन्मीची कथा, आणि शेवटी तेव्हाचा कोण आता कोण, याचा उलगडा. पाली संग्रहात अशा ५४७ कथा आहेत. त्यांना सरसकट ‘बोधकथा’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. ही रचनाच त्यांची ओळख आहे.

३. आता शेवट पुन्हा वाचा. शिकवण उघड सांगितली असेल तर बोधकथा. एका गोष्टीआडून दुसराच अर्थ सुचवला असेल तर रूपककथा, वि. स. खांडेकरांनी ती मराठीत विपुल लिहिली.

४. लांबी सर्वांत शेवटी मोजा. चार-सहा ओळींत संपणाऱ्या अतिलघुकथेला हल्ली ‘अलक’ म्हणतात. पण छोटा तो प्रत्येक मजकूर अलक नव्हे. दुसऱ्यांदा वाचून पाहा: हाती काहीच नवे लागले नाही, तर तो चुटका.

दोन प्रकारांची सरमिसळ दिसली तर दोन्ही नावे लिहा. जुन्या लोककथेवर बेतलेल्या नव्या कथेला एकाच खणात कोंबण्याचे कारण नाही.