ओंटारिओत नव्याने आलेल्या मराठी वकिलांसाठी: स्थानिक लॉ असोसिएशनचे सभासद का व्हावे

भारतातली वकिली मागे ठेवून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आलेली मंडळी भेटली की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास निघतो. परदेशात घेतलेले कायद्याचे शिक्षण तपासणाऱ्या नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशनच्या, म्हणजे एनसीएच्या परीक्षा चालू आहेत, त्यांच्या जोडीला आणखी काय करावे? एलएलएमला प्रवेश घ्यावा की एखादे प्रमाणपत्र मिळवावे? मी गेली अनेक वर्षे प्रत्येकाला एकच उत्तर देत आले आहे: ज्या गावात पुढे वकिली करण्याचा विचार आहे, त्या गावच्या न्यायालयात जाऊन तिथल्या लॉ असोसिएशनची चौकशी करा आणि ज्या प्रकारचे सभासदत्व आज मिळू शकत असेल ते घ्या. हे उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते, कारण असोसिएशन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बार रूममधले टेबल, निवडणुकीची धामधूम आणि कामकाजापासून अलिप्त राहण्याचे ठराव एवढेच येते. मी स्वतः नाशिकच्या जिल्हा न्यायालयात नऊ वर्षे काम करून इथे आले, तेव्हा माझीही समजूत तीच होती, आणि त्या समजुतीपायी माझी सुरुवातीची दीड-दोन वर्षे वाया गेली.

आधी दोन संस्थांमधला फरक नीट समजून घ्यावा. लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओ ही आपल्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवासारखी वैधानिक संस्था आहे. १७९७ साली स्थापन झालेली ही संस्था २०१८ पर्यंत लॉ सोसायटी ऑफ अपर कॅनडा या नावाने ओळखली जात होती आणि तिचे कार्यालय टोरांटोच्या ऑस्गुड हॉलमध्ये आहे. सनद तीच देते, आचारनियम तीच करते आणि शिस्तभंगाची कारवाईही तीच करते. परंतु तिचे कर्तव्य जनहिताचे रक्षण करणे हे आहे, वकिलांचे हित पाहणे हे नव्हे. वकिलांनी आपल्या गरजेपोटी उभ्या केलेल्या संस्था त्याहून वेगळ्या आहेत. हॅमिल्टन लॉ असोसिएशन १८७९ मध्ये सुरू झाली, तर आजची टोरांटो लॉयर्स असोसिएशन १८८५ मध्ये काउंटी ऑफ यॉर्क लॉ असोसिएशन या नावाने स्थापन झाली. अशा काउंटी आणि जिल्हा पातळीवरच्या ४६ संघटना प्रांतभर आहेत आणि त्यांचा मिळून एक महासंघ आहे. याशिवाय कॅनेडियन बार असोसिएशनची प्रांतिक शाखा असलेली ओंटारिओ बार असोसिएशन, १९६३ पासून न्यायालयीन वकिलांसाठी काम करणारी ॲडव्होकेट्स सोसायटी, आणि आपल्यासारख्यांनी उभी केलेली साउथ एशियन बार असोसिएशन ऑफ टोरांटो याही आहेत. या सगळ्यांचे सभासदत्व ऐच्छिक असते, आणि नेमके त्यामुळेच नवखा माणूस ते पुढे ढकलत राहतो.

एनसीएच्या टप्प्यावर असलेल्यांना माझे विशेष सांगणे आहे. कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वे, संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा आणि व्यावसायिक जबाबदारी हे पाच विषय तुम्ही घरी बसून, नोकरी सांभाळून, रात्री जागून पूर्ण कराल. कायदेविषयक संशोधन आणि लेखनाचा भागही पार पाडाल. त्यानंतर लॉ सोसायटीची परवाना प्रक्रिया येते आणि तिच्यात प्रत्यक्ष अनुभवासाठी आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, किंवा चार महिने प्रशिक्षण आणि चार महिने प्रत्यक्ष काम असा लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅम येतो. परीक्षेपर्यंतचा रस्ता एकट्याने चालता येतो. आर्टिकलिंगपासून पुढे मात्र कोणीतरी तुम्हाला ओळखणारे असावे लागते. छोट्या कार्यालयातला वकील आर्टिकलिंगसाठी विद्यार्थी घेताना अनेकदा जाहिरात देतच नाही, तो शेजारच्या वकिलाला विचारतो. त्या शेजारच्या वकिलाने तुम्हाला दोन-तीन व्याख्यानांना पाहिलेले असेल, तुम्ही विचारलेला एखादा नेमका प्रश्न त्याच्या लक्षात राहिलेला असेल, तर तुमचे नाव तिथे निघते. ओळखीने काम मिळते म्हणून यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. तुमच्या पदव्या आणि अनुभव त्याला अपरिचित आहेत, त्यामुळे विश्वास ठेवण्यासाठी त्याला माणूस पाहावा लागतो.

या टप्प्यावर एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. परवाना हाती येईपर्यंत ओंटारिओत स्वतःला नुसते वकील म्हणवून घेऊ नये. भारतात सनद घेतलेली व्यक्ती, सध्या एनसीएच्या प्रक्रियेत, असे स्पष्ट सांगावे आणि कार्यक्रमातल्या नावाच्या पट्टीवरही तसेच लिहावे. आपल्या समाजातली माणसे मोठ्या विश्वासाने भाडेकरार, घटस्फोट किंवा व्हिसा यांबद्दल विचारतात आणि त्यांना नाही म्हणणे जड जाते, पण परवान्याशिवाय कायदेशीर सल्ला देणे हा इथे गंभीर प्रकार आहे आणि पुढे चारित्र्याच्या तपासणीत तो आड येऊ शकतो. असोसिएशनमध्ये ओळखी असल्या की अशा माणसाला योग्य वकिलाकडे पाठवता येते, हाही सभासदत्वाचा एक उपयोगच आहे.

आता ग्रंथालयाविषयी, कारण मला सर्वांत अधिक दिले ते त्याने. बहुतेक न्यायालयांच्या इमारतीत असोसिएशनचे ग्रंथालय असते आणि लॉ सोसायटीच्या वार्षिक शुल्कातला काही भाग या ग्रंथालयांच्या व्यवस्थेकडे जातो. निकाल शोधण्यासाठी कॅनलीआय ही विनामूल्य सोय आहे आणि एनसीएच्या अभ्यासाला ती पुरतेही, पण प्रत्यक्ष कामात टीकाग्रंथ, नमुने आणि सशुल्क डेटाबेस लागतात, ज्यांची वर्गणी एकट्या वकिलाला झेपणारी नसते. ग्रंथालयात ते सभासदांना वापरता येतात. त्याहून मोलाचे म्हणजे तिथले ग्रंथपाल. मी पहिल्यांदा फॅक्टम, म्हणजे न्यायालयापुढे ठेवायचा लेखी युक्तिवाद, लिहायला बसले, तेव्हा नाशिकच्या सवयीने सगळा इतिहास मांडून, प्रत्येक मुद्द्यावर पाच-सहा निवाडे उद्धृत करून मोठा दस्त तयार केला होता. आपल्याकडे तोंडी युक्तिवादाला वेळ मिळतो आणि लेखी म्हणणे त्याला जोड म्हणून असते. इथे न्यायाधीश फॅक्टम आधी वाचून येतात, त्यामुळे सगळी मदार त्याच्यावर असते. अपील न्यायालयातसुद्धा तो ३० पानांत बसवावा लागतो. ग्रंथपाल बाईंनी मजकुरावर एका शब्दानेही मत दिले नाही, कारण ते त्यांचे काम नव्हते. त्यांनी फक्त तीन चांगले फॅक्टम माझ्यासमोर आणून ठेवले. परिच्छेदांना क्रमांक, एका मुद्द्याला एक परिच्छेद आणि एका तत्त्वाला एकच, पण नेमका निवाडा. ते तीन दस्त मी दोन दिवस टेबलावर पसरून वाचले आणि माझा मसुदा पहिल्यापासून नव्याने लिहिला.

त्याच ग्रंथालयात घडलेला दुसरा प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. परवाना मिळून काही महिनेच झाले होते. आमच्या दाव्यात प्रतिवादीला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करण्यासाठी असलेले २० दिवस उलटले होते आणि एकविसाव्या दिवशी सकाळी मी प्रतिवादीची कसूर नोंदवून घेण्याचा अर्ज तयार करायला बसले होते. आपल्याकडे मुदत टळली की न्यायालयाला पुरशिस, म्हणजे छोटे लेखी निवेदन, देऊन प्रकरण एकतर्फी चालवण्याची मागणी करणे ही ज्युनिअरची तत्परता समजली जाते. मी ग्रंथपालांकडे अर्जाचा नमुना मागितला, तो शेजारच्या टेबलावरच्या एका ज्येष्ठ सभासदाने ऐकला. त्यांनी पक्षकार कोण, प्रकरण काय, हे काहीही विचारले नाही. एवढेच विचारले, “समोर वकील आहे का? आणि असेल, तर तुम्ही त्यांना फोन केलात का?” वकील होता आणि मी फोन केलेला नव्हता. त्यांनी आचारनियमांचे पुस्तक उघडून ते कलम दाखवले: दुसऱ्या वकिलाकडून प्रकरणाच्या गुणवत्तेशी संबंध नसलेली चूक झाली, तर पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय तिचा फायदा घेऊ नये. मी बाहेर जाऊन फोन केला. त्या वकिलाच्या घरी आजारपण होते आणि तारीख नजरेतून सुटली होती. पाच दिवसांत कैफियत आली. मी अर्ज दाखल केला असता, तर तो आदेश रद्द करून घेण्यासाठी त्यांनी अर्ज केला असता, खर्चाचा बोजा माझ्या पक्षकारावर पडण्याची शक्यता होती, आणि मोजकेच वकील असलेल्या त्या न्यायालयात माझी ओळख कायमची बिघडली असती. ते कलम मी परीक्षेसाठी वाचलेले होते. त्याचा अर्थ ‘आधी फोन करा’ असा होतो, हे मात्र मला त्या टेबलापाशी कळले.

हमीच्या बाबतीतही असेच आहे. घराच्या खरेदी-विक्रीत दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांच्या लेखी हमीवर लाखो डॉलर्सचे व्यवहार पूर्ण करतात आणि ती हमी वकिलाला व्यक्तिशः बांधून ठेवते. पाळता येणार नाही अशी हमी देऊच नये, असा स्पष्ट नियम आहे. परंतु कोणत्या कागदाबद्दल हमी देण्याची रीत आहे, कोणत्याबद्दल देणे धोक्याचे, आणि शुक्रवारी दुपारी व्यवहार अडकला तर समोरच्याशी काय बोलायचे, हे अनुभवी माणसाला विचारूनच समजते. शिवाय सुपीरियर कोर्टाचे आठ प्रादेशिक विभाग आहेत आणि तारखा, अर्ज, दस्त यांबाबत त्यांच्या सूचनांत फरक असतो. त्या बदलल्या की स्थानिक असोसिएशन सभासदांना लगेच कळवते, आणि त्या व्यवहारात अडचणीच्या ठरल्या तर न्यायाधीशांसोबतच्या बैठकीत तसे मांडतेही. एकट्याने काम करणाऱ्याला हे सगळे वेळेवर कळण्याचा दुसरा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. मात्र सहकाऱ्यांशी बोलताना पक्षकाराची ओळख पटेल असा तपशील कधीही ओठांवर येऊ देऊ नये.

दरवर्षी १२ तासांचे व्यावसायिक शिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यातले किमान ३ तास व्यावसायिकतेच्या विषयांचे असावे लागतात. असोसिएशनच्या कार्यक्रमांतून हे तास सहज भरतात. घरून पडद्यावर पाहण्याची सोय असली, तरी पहिली दोन-तीन वर्षे शक्य तेव्हा सभागृहात जाऊन बसावे, एवढेच सुचवते.

सगळे दरवाजे आपोआप उघडतात असे मात्र नाही, आणि नव्याने येणाऱ्यांपासून हे लपवणे मला योग्य वाटत नाही. २००८ मध्ये ब्रॅम्प्टनच्या न्यायालयात, वकिलांसाठी राखीव असलेल्या कक्षात बसलेल्या दोन कृष्णवर्णीय वकिलांना आणि त्यांच्यासोबतच्या विद्यार्थ्याला तिथल्या पील लॉ असोसिएशनच्या ग्रंथपालांनी ओळखपत्र मागितले. मानवाधिकार न्यायाधिकरणाने तो भेदभाव ठरवला आणि वरच्या टप्प्यावर फिरलेला तो निर्णय २०१३ मध्ये ओंटारिओच्या अपील न्यायालयाने पुन्हा कायम केला. पील लॉ असोसिएशनविरुद्धचा हा निकाल प्रत्येक नवागताने मुळातून वाचावा असे मला वाटते. अशा अनुभवांविषयी मोकळेपणाने बोलण्यासाठी आणि नेमणुकांसारख्या प्रश्नांवर एकत्रित आवाज उठवण्यासाठी साउथ एशियन बार असोसिएशनसारखी संघटना हवीच. पण केवळ तिथेच रमून जाऊ नये. ज्या न्यायाधीशांसमोर आणि ज्या वकिलांसोबत तुम्हाला रोज काम करायचे आहे, ती माणसे काउंटीच्या असोसिएशनमध्ये भेटतात, आणि तिथे आपली उपस्थिती नेहमीची झाली की ओळखपत्र मागण्याचे प्रसंगही कमी होतात.

पक्षकार मिळण्याबद्दल थोडे. हितसंबंधांचा संघर्ष असल्यामुळे किंवा विषय आपला नसल्यामुळे प्रत्येक वकिलाला काही कामे दुसऱ्याकडे पाठवावी लागतात आणि तो ती ओळखीच्या, वेळेवर फोन उचलणाऱ्या माणसाकडे पाठवतो. माझी पहिली चार प्रकरणे अशीच आली. पाठवणाऱ्याला शुल्क द्यायचे असल्यास त्याचे नियम कडक आहेत: पक्षकाराला पूर्ण माहिती देऊन ठरलेल्या नमुन्यात करार करावा लागतो आणि २०१७ पासून त्या शुल्कावर कमाल मर्यादाही आहे. आपल्याकडच्या तोंडी रिवाजाने इथे चालू नये.

पहिल्याच कार्यक्रमात नोकरी मागू नये आणि बायोडेटाच्या प्रती वाटू नयेत. त्याऐवजी एखाद्या समितीत काम मागावे. नोंदणीच्या टेबलावर बसणे, वक्त्यांशी पत्रव्यवहार करणे, नव्या सभासदांसाठी माहितीपत्रक तयार करणे अशी कामे करायला माणसे नेहमीच कमी असतात. मी दोन वर्षे ग्रंथालय समितीचे इतिवृत्त लिहिले. त्या काळात तिथल्या प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने माझे नाव बरोबर उच्चारायला शिकून घेतले आणि माझे लेखन वाचले. चौकशीला जाताना सकाळी न्यायालयाचे काम सुरू होण्याच्या गडबडीत जाऊ नका. दुपारनंतर ग्रंथालय शांत असते. आपण एनसीएच्या कोणत्या टप्प्यावर आहात ते सांगा, विद्यार्थ्यांसाठी किंवा परवाना प्रक्रियेतल्यांसाठी सवलतीचे सभासदत्व आहे का ते विचारा, आणि येत्या महिन्यातल्या कार्यक्रमांची यादी मागून घ्या.