नाणं उडवून एएफएल फायनल्सचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की मेलबर्नच्या ऑफिसांत फूटी टिपिंगची, म्हणजे एएफएल या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या सामन्यांत कोण जिंकणार ते आधीच सांगायच्या स्पर्धेची, चर्चा रंगते आणि नुकताच पुण्याहून तिकडे गेलेला माणूसही त्यात ओढला जातो. संघ ओळखीचे नाहीत, अंडाकृती मैदानावर चाललेला गोंधळ नीट कळत नाही. मग छापा की काटा करून नावं भरली जातात. यात लाजण्यासारखं काही नाही. जाणकाराचा अंदाज खरंच चांगला होता का हे ठरवायचं तर आधी नाण्याला किती जमतं ते ठाऊक हवं. मात्र हा हिशेब बहुतेक जण चुकीचा मांडतात, आणि चूक नाण्यात नसते, फायनल्सच्या, म्हणजे साखळीनंतर विजेता ठरवणाऱ्या सामन्यांच्या, रचनेत असते.

आठ संघ, म्हणून प्रत्येकाला आठात एक?

ही सगळ्यात मोठी चूक. २००० ते २०२५ या काळातल्या पद्धतीत गुणतक्त्यातले पहिले आठ संघ फायनल्समध्ये जात, पण ती सरळ बाद फेरी नव्हती. पहिल्या आठवड्यात पहिला विरुद्ध चौथा आणि दुसरा विरुद्ध तिसरा या क्वालिफाइंग फायनल. पाचवा विरुद्ध आठवा आणि सहावा विरुद्ध सातवा या एलिमिनेशन फायनल. वरच्या चौघांपैकी जो हरतो तो घरी जात नाही, दुसऱ्या आठवड्यात एलिमिनेशन फायनल जिंकून आलेल्या संघाशी सेमी फायनल खेळतो. जो जिंकतो त्याला एक आठवडा विश्रांती आणि थेट प्रिलिमिनरी फायनल; दोन प्रिलिमिनरींचे विजेते ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना खेळतात. खालच्या चौघांपैकी हरला तो संपला.

आयपीएल बघणाऱ्याला हे अनोळखी वाटू नये. २०११ पासून आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना जी दुसरी संधी मिळते, तिचं मूळ याच खेळात आहे. मेलबर्नच्या व्हीएफएल स्पर्धेने, म्हणजे एएफएलच्या पूर्वरूपाने, ती चार संघांची पद्धत १९३१ मध्ये स्वीकारली होती.

आता नाणं उडवू. वरच्या चौघांतला संघ दोन वाटांनी विजेता होतो. पहिला सामना जिंकून पुढचे दोन जिंकले तर १/८. पहिला हरून पुढचे तिन्ही जिंकले तर १/१६. मिळून ३/१६, म्हणजे १८.७५ टक्के. खालच्या चौघांना सलग चार विजय लागतात: १/१६, म्हणजे ६.२५ टक्के. कौशल्य, दुखापती, हवामान यांपैकी काहीही विचारात न घेता, केवळ रचनेमुळे चौथा संघ पाचव्यापेक्षा तिप्पट भाग्यवान ठरतो. साखळीच्या शेवटच्या आठवड्यात चौथ्या जागेसाठी जी मारामारी होते ती उगाच नाही.

एकूण सामने नऊ, त्यामुळे निकालांच्या शक्यता ५१२. त्यातल्या ९६ मध्ये पहिला संघ विजेता, ९६ मध्ये दुसरा, तसंच तिसरा आणि चौथा. उरलेल्या चौघांना प्रत्येकी ३२. बेरीज ५१२ येते. न येत असेल तर पुढे जाऊ नका.

बेरीज जुळली, तरी ब्रॅकेट चुकलेलं

ब्रॅकेट म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा आराखडा, आणि इथे चांगले प्रोग्रॅमरही फसतात. प्रिलिमिनरी फायनलमध्ये बाजू बदलतात. पहिल्या क्वालिफाइंग फायनलचा विजेता दुसऱ्या सेमी फायनलच्या विजेत्याशी खेळतो आणि दुसऱ्या क्वालिफाइंगचा विजेता पहिल्या सेमीच्या विजेत्याशी. पहिल्या आठवड्यात भिडलेले दोघे लगेच पुन्हा समोर येऊ नयेत म्हणून ही अदलाबदल. ती विसरलात तर गंमत अशी की विजेतेपदाच्या टक्केवारीत काहीच फरक पडत नाही. तेच ३/१६, तेच १/१६. त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

पकडायची कशी? ग्रँड फायनलच्या जोड्या बघा. पहिला आणि चौथा पहिल्याच आठवड्यात भिडतात. ते पुन्हा ग्रँड फायनलला भेटण्याची शक्यता किती? अदलाबदल धरली तर बरोबर १/८, म्हणजे साडेबारा टक्के. पहिला आणि दुसरा भेटण्याची शक्यता ५/६४, म्हणजे आठ टक्क्यांहूनही थोडी कमी. नाण्याच्या जगात पहिला-चौथा ही फायनल पहिला-दुसरा या फायनलपेक्षा जास्त संभवते! कारण पहिल्या-दुसऱ्यांपैकी एक जिंकला आणि एक हरला की दोघे प्रिलिमिनरीच्या एकाच सामन्यात अडकतात; दोघेही जिंकले किंवा दोघेही हरले तरच ग्रँड फायनलला गाठ पडू शकते.

तुमच्या एक्सेल पत्रकात पहिला-चौथा ही ग्रँड फायनल एकदाही येत नसेल आणि पहिला-दुसरा चौदा टक्क्यांच्या आसपास येत असेल, तर अदलाबदल राहिली आहे हे नक्की समजा. आणखी एक खूण म्हणजे बरोबर ब्रॅकेटमध्ये ग्रँड फायनलच्या २६ वेगवेगळ्या जोड्या शक्य असतात. आठ संघांच्या २८ जोड्यांपैकी पाचवा-आठवा आणि सहावा-सातवा एवढ्याच अशक्य, कारण त्यांच्यातला एक पहिल्याच आठवड्यात घरी जातो. चुकीच्या ब्रॅकेटमध्ये या जोड्या १६ वर येतात.

एक्सेलमध्ये एकच संघ जिंकतो आणि हरतो

विजेत्याच्या चौकटीत एक यादृच्छिक आकडा आणि पराभूताच्या चौकटीत दुसरा, असं सूत्र लिहिलं की दोन्ही चौकटी स्वतंत्र नाणं उडवतात. निम्म्या वेळा दोन्हीकडे एकच संघ येतो. तो आराम करत प्रिलिमिनरीतही पोचतो आणि सेमी फायनलही खेळतो. दुसरा संघ हवेत विरतो. उपाय सोपा आहे. एका सामन्याला एकच आकडा, वेगळ्या चौकटीत. विजेता त्यावरून काढायचा आणि पराभूत म्हणजे उरलेला.

दुसरी तक्रार अशी की मी काहीही टाइप केलं तरी निकाल बदलतो. रँड हे फंक्शन पत्रकात जरा कुठे हात लागला की नवा आकडा देतं. एकदा नाणी उडवून झाली की त्या चौकटी कॉपी करून फक्त मूल्यं पेस्ट करा.

आणि शंभर वेळा चालवून निष्कर्ष काढू नका. शंभर फेऱ्यांत पहिल्या संघाचे १८.७५ टक्के सहज १२ किंवा २६ दिसू शकतात. दहा हजार फेऱ्यांत हा डळमळाट एक टक्क्याच्या आत येतो. खरं तर निव्वळ नाण्यासाठी फेऱ्या चालवायची गरजच नाही. शक्यता ५१२ आहेत, सगळ्या मांडा.

बरोबरीचा प्रश्न हल्ली मिटला आहे. २०१० ची ग्रँड फायनल कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा यांच्यात ६८-६८ अशी सुटली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळवली गेली, पण २०१६ पासून ग्रँड फायनललाही जादा वेळ आहे. दोनच निकाल धरणं चालेल.

ऑफिसातल्या विजेत्याला गुरू करणं

फायनल्सच्या त्या नऊ सामन्यांसाठी दर आठवड्याला नावं भरायच्या स्पर्धेत नुसत्या नाण्याने एकूण सरासरी साडेचार सामने बरोबर येतात. नऊपैकी आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ५१२ मध्ये १०, जेमतेम दोन टक्के. आता ऑफिसात तीस जण आहेत आणि सगळेच डोळे मिटून नाणं उडवत आहेत असं धरा. त्यांच्यापैकी निदान एकाला आठ किंवा नऊ बरोबर येण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे तो जो सप्टेंबरअखेर पबमध्ये बसून आपली थिअरी ऐकवतो, त्याची थिअरी ऐका, बिअर घ्या. पुढच्या वर्षी त्याच्या यादीवर पैसे मात्र लावू नका. एका मोसमात तो आणि नाणं वेगळे ओळखता येत नाहीत.

याच्या उलट चूकही सर्रास होते: अमका संघ तीनदा फायनल्समध्ये हरलाय, आता त्याचा नंबर आहे. नाण्याला मागचं काही आठवत नाही. संघाला आठवत असेलही, पण मग तुम्ही नाण्याचा हिशेब करत नाही आहात.

नाणं कुठे खोटं पडतं

२००० ते २०२५ ही २६ वर्षं घ्या. नाण्याच्या हिशेबाने खालच्या चौघांतून सहा-सात विजेते यायला हवे होते. आले दोन. २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावरचे वेस्टर्न बुलडॉग्ज, १९५४ नंतर पहिल्यांदा. आणि २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावरचे ब्रिस्बेन लायन्स, ज्यांनी सिडनीला ६० गुणांनी धुतलं. निव्वळ नाण्याने दोन किंवा कमी येण्याची शक्यता शंभरात तीनाहूनही कमी आहे. तेव्हा चांगले संघ वर असतात हे सिद्ध व्हायला इतकी वर्षं पुरेशी आहेत.

वरच्या चौघांतलं वाटप आणखी बोलकं आहे: पहिला नऊ वेळा, दुसरा सात, तिसरा आठ आणि चौथा शून्य. शून्य! नाण्याने त्याला पाचेक तरी मिळायला हवी होती. अर्थात हा आकडा बघून झाल्यावर मी तो निवडला आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. तरी कारण शोधायला लांब जावं लागत नाही. चौथ्याला पहिल्याच आठवड्यात अव्वल संघाच्या घरी जावं लागतं.

म्हणून मग लोक नाणं एका बाजूला झुकवतात, आणि तिथे नवी चूक करतात. अव्वल संघ प्रत्येक सामना ६० टक्के वेळा जिंकतो असं धरलं तर त्याचं विजेतेपद किती? ऐकणारे सहसा ५० च्या पुढचा आकडा सांगतात. उत्तर ३० टक्के. प्रत्येक सामन्यात ७० टक्के धरले तरी ४४.६, म्हणजे निम्म्याहून कमीच. २०२५ मध्ये तक्त्यात पहिला असलेला ॲडलेड संघ आधी कॉलिंगवूडकडून आणि मग हॉथॉर्नकडून हरून दोन आठवड्यांत बाहेर पडला, तेव्हा झालेला हलकल्लोळ या गणिताच्या तुलनेत फार मोठा होता.

झुकवताना मैदानही बघा. ग्रँड फायनल मेलबर्नच्या एमसीजीवर होते, मग तक्त्यात वर कोणीही असो. २०२० मध्ये ती ब्रिस्बेनच्या गॅबावर आणि २०२१ मध्ये पर्थला झाली ती महामारीमुळे. पर्थ किंवा ॲडलेडच्या संघाला आधीच्या सामन्यात दिलेला घरचा फायदा शेवटच्या सामन्यातही तसाच ठेवलात तर त्याची टक्केवारी फुगेल.

जुनं पत्रक २०२६ ला वापरणं

२०२६ च्या मोसमापासून वाइल्डकार्ड फेरी आहे. सातवा विरुद्ध दहावा, आठवा विरुद्ध नववा, आणि त्यातले विजेते पाचव्या-सहाव्यासमोर. सामने अकरा, शक्यता २,०४८. वरच्या चौघांचे ३/१६ तसेच राहतात, पाचव्या-सहाव्याचा १/१६ ही तसाच. सातव्या-आठव्याचा मात्र निम्मा होऊन १/३२ होतो आणि तेवढाच वाटा नवव्या-दहाव्याला जातो. तपासणीची बेरीज आता अशी: ३८४ चार वेळा, १२८ दोन वेळा, ६४ चार वेळा.