घरापुढच्या वाटेवर मीठ कधी आणि किती टाकावे

ब्रिटनच्या हिवाळ्यात बर्फ पडला नाही तरी पहाटेची वाट धोक्याची असू शकते. आदल्या दिवशीच्या पावसाचे पाणी रात्रीतून गोठते आणि त्याचा काचेसारखा पातळ थर फरशीवर बसतो. त्यातून खालची फरशी जशीच्या तशी दिसत असल्याने पाय घसरेपर्यंत तो लक्षातही येत नाही. म्हणून हा थर जमू नये यासाठी मीठ टाकण्याची खरी वेळ आदल्या संध्याकाळची. पारा शून्याखाली उतरणार असल्याचा अंदाज असेल, तर पाऊस थांबल्यावर आणि फरशी गोठण्यापूर्वी मीठ पसरावे. भर पावसात टाकलेले मीठ वाहून जाते.

इथे रस्त्यांवर टाकतात ते तपकिरी खडेमीठ खाणीतले असते. चेशायरमधल्या विन्सफर्ड येथे त्याची मोठी खाण आहे. त्याच्या गोणी दुकानांत मिळतात, आणि वेळेला स्वयंपाकघरातले साधे मीठही चालते. रस्त्याकडेच्या पेट्यांमधले कौन्सिलचे (स्थानिक पालिकेचे) मीठ मात्र सार्वजनिक रस्ते आणि पदपथांसाठी असते, ते आपल्या अंगणासाठी नेऊ नये.

एक चौरस मीटरला एक मोठा चमचा मीठ पुरते. एका जागी ढीग करण्यापेक्षा हातमोजा घालून ते दाणे पेरावेत तसे विरळ, सारखे पसरावे, कारण मीठ पाण्यात विरघळते आणि त्या खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणूनच ते उपयोगी पडते. पारा शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत गेला, की हे काम फार मंदावते. अशा वेळी वाळू टाकावी. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पायाला पकड मिळते.

बर्फ पडलाच, तर तो तुडवला जाण्यापूर्वी, भुसभुशीत असतानाच फावड्याने बाजूला करावा, पण गटाराच्या तोंडावर किंवा शेजाऱ्यांच्या वाटेवर लोटू नये. आधी मधोमध एक पट्टा मोकळा करून मग कडेला वळावे, म्हणजे उभे राहायला कोरडी जागा राहते. गरम पाणी कधीही ओतू नये. बर्फ क्षणभर वितळलेला दिसतो, पण तेच पाणी पुन्हा गोठून आधीपेक्षा गुळगुळीत थर तयार होतो.

पायऱ्यांना थोडे जास्त मीठ लागते. त्यांच्या कडा, पन्हळीतून पाणी ठिबकते ती जागा आणि दिवसभर सावलीत राहणारा कोपरा आवर्जून पाहावा. महाराष्ट्रातून आलेले आईवडील घरी असतील, तर हे काम त्यांच्या सकाळच्या फेरीआधी उरकावे आणि त्यांना चपला न घालता खाचदार तळव्याचे बूट घालायला सांगावे.

हिरवळ आणि झाडांच्या मुळांपासून मीठ दूर ठेवावे. कुत्रा फिरून आला, की त्याचे पंजे कोमट पाण्याने धुवावेत. उरलेले मीठ झाकणाच्या बादलीत भरून घराच्या आत, दाराजवळ ठेवावे. ते परसातल्या शेडमध्ये असेल, तर आणायला त्याच गोठलेल्या वाटेवरून जावे लागते.