ब्रेस्ट पंप निवडताना

बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतणाऱ्या आईला दिवसातून दोन-तीन वेळा दूध काढावे लागणार असेल, तर दोन्ही स्तनांतून एकाच वेळी दूध काढणारा विजेवरचा पंप घ्यावा, कारण त्यामुळे बराच वेळ वाचतो. क्वचितच गरज पडत असेल, तर हाताने चालवायचा पंप पुरेसा असतो.

सर्वांत महत्त्वाचे असते ते स्तनावर बसणाऱ्या फनेलचे माप, आणि खरेदीच्या वेळी नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. अनेक पंपांसोबत २४ मिलिमीटरचे फनेल येते, परंतु ते प्रत्येकीला बसतेच असे नाही. म्हणून स्तनाग्राचा व्यास मोजून त्याच्या जवळचे किंवा किंचित मोठे माप निवडावे. पंप चालू असताना स्तनाग्र कडांना घासत असेल किंवा भोवतालचा काळसर भाग बराच आत खेचला जात असेल, तर माप चुकले आहे असे समजावे. दूध काढताना होणारी वेदना आईने मुळीच सोसू नये.

दूध नळीत व मोटरमध्ये शिरू न देणारा, बंद रचनेचा पंप स्वच्छ ठेवणे सोपे जाते. उघड्या रचनेचा, कोणी वापरलेला पंप मात्र घेऊ नये. वीज वारंवार जात असल्यास बॅटरीवरही चालणारा पंप पाहावा.